ल्यूथरची केस

मे महिन्याच्या सुट्टीत आमचे नातू मुक्कामाला आले, ते कपड्यांचे दोन जोड आणि कॉमिक्सची चौदा पुस्तकं घेऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन वाचत पडलो असताना (या आसनाला आमच्या घरात वाचणं असंच म्हणतात) पेपर हळूच बाजूला झाला. नातवाने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग हातातल्या चित्राकडे पाहिलं, मग पुन्हा डोक्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "आजी, आजोबा सेम लेक्स ल्यूथर दिसतात!"

लेक्स ल्यूथर म्हणजे कोणी शास्त्रज्ञ, धर्मोपदेशक, गेलाबाजार क्रिकेटचा पंच असेल, असं समजून मी जरा सावरून बसलो.

"कोण रे हा?"

"सुपरमॅनचा शत्रू. जगातला सगळ्यात डेंजर माणूस."

सौ. पदराला हात पुसत बाहेर आली. तिने चित्र निरखून पाहिलं आणि म्हणाली, "कोट सोडला तर अगदी हेच." त्याच्या अंगावर कोट होता आणि माझ्या अंगावर बनियन, एवढाच फरक तिला दिसला. डेंजरपणाबद्दल तिने काही मतभेद नोंदवला नाही.

तशी टकलाची बदनामी मला नवी नाही. आमच्या तरुणपणी हिंदी सिनेमात शेट्टी दिसला की थिएटरातली पोरं मारामारीच्या तयारीने खुर्चीच्या कडेला सरकत. पुढे १९८० साली 'शान'मध्ये शाकाल आला, तोही सफाचट. टक्कल आणि दुष्टपणा यांचं काही जुनं लफडं असावं, असा प्रेक्षकांचा पक्का समज झालेला. तेव्हा आपल्याच तोंडवळ्याचा एक माणूस सातासमुद्रापलीकडे खलनायक का झाला, हे शोधून काढणं मला भागच होतं. नातू झोपल्यावर मी त्याची पुस्तकं चोरून वाचायला लागलो. त्यातला एक जाडजूड खंड जुन्या गोष्टींचा होता. माझ्या वयाच्या माणसाने वेताळ आणि मँड्रेकनंतर कॉमिक्स हातात धरलेलं नसतं, त्यामुळे सुरुवातीला जरा चोरट्यासारखं वाटलं. तिसऱ्या रात्री वाटेनासं झालं.

ल्यूथरचा जन्म १९४० सालचा, 'ॲक्शन कॉमिक्स'च्या तेविसाव्या अंकातला. जेरी सीगल आणि जो शूस्टर या सुपरमॅनच्या जन्मदात्यांनीच त्यालाही जन्माला घातलं. आणि मंडळी, तेव्हा त्याच्या डोक्यावर चक्क लाल केसांचं रान होतं! हवेत तरंगणाऱ्या एका शहरात बसून तो दोन देशांमध्ये लढाई लावून देत होता. का? तर सगळं जग ताब्यात घ्यायचं म्हणून. ताब्यात घेऊन पुढे त्याचं करायचं काय, हा प्रश्न त्या काळच्या खलनायकांना कोणी विचारत नसे. मला दोन खोल्यांचा ब्लॉक ताब्यात मिळाल्यावर त्याचं काय करावं हे अजून नीट कळलेलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, वृत्तपत्रातल्या सुपरमॅनच्या चित्रमालिकेत ल्यूथर अवतरला तो गुळगुळीत डोक्याने. चित्रकाराचा काहीतरी गोंधळ झाला, असं मानतात. माझे केस जायला पंधरा वर्षं, आठ प्रकारची तेलं आणि एक वैदू लागला. ल्यूथरचे एका माणसाच्या विसरभोळेपणात गेले. पुढची जवळजवळ वीस वर्षं हा गृहस्थ टकला होता, दुष्ट होता, आणि दोन्हींना काही म्हणजे काही कारण नव्हतं. त्याला पाळण्यातलं नावसुद्धा नव्हतं. नुसता ल्यूथर.

मग १९६० साली 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या २७१ व्या अंकात नाव, टक्कल आणि वैर या तिन्ही गोष्टींची भरपाई एकदम झाली. लेखक पुन्हा जेरी सीगलच.

गोष्ट अशी. स्मॉलव्हिल नावाच्या गावात सुपरमॅन अजून सुपरबॉय आहे, म्हणजे शाळकरी पोरगा आहे. गावात लेक्स ल्यूथर नावाचा एक हुशार मुलगा राहायला येतो. सुपरबॉयचा भक्त. एकदा क्रिप्टोनाइटच्या तडाख्यातून तो सुपरबॉयचा जीव वाचवतो, आणि सुपरबॉय उपकाराची फेड म्हणून त्याला एक सुसज्ज प्रयोगशाळा बांधून देतो. (आमच्या शाळेत सायन्सच्या तासाला एक परीक्षानळी चाळीस मुलांमध्ये फिरत असे, ते असो.) लेक्स तिथे दोन अचाट गोष्टी करतो. एक म्हणजे प्रयोगातून जिवंत पेशीचा गोळा तयार करतो, आणि दुसरी म्हणजे क्रिप्टोनाइटवर उतारा शोधतो, तोही सुपरबॉयसाठीच. तेवढ्यात प्रयोगशाळेला आग लागते. सुपरबॉय येतो आणि मारतो एक जोरदार फुंकर. आग विझते, लेक्स वाचतो. पण त्या फुंकरीने रसायनं सांडतात, तो सजीव गोळा आणि तो उतारा नाहीसा होतो, आणि रसायनांच्या वाफेने लेक्सच्या डोक्यावरचा एकूण एक केस गळतो.

लेक्स सुपरबॉयला म्हणतो, तू हे मुद्दाम केलंस. माझी हुशारी तुला बघवली नाही. बस्स, वैर सुरू.

मी खो खो हसलो. केस गेले म्हणून खलनायक! या हिशेबाने आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात जगाचा सहा वेळा विनाश व्हायला हवा. सकाळी चहा घेताना मी ही गोष्ट रंगवून सौ.ला सांगितली आणि म्हणालो, "इतक्या फालतू कारणावरून कोणी जन्मभर डूख धरतं का?"

ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तुमचं ते दरवाज्याचं?"

आता हे दरवाज्याचं प्रकरण सांगणं आलं. मी नववीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐतिहासिक नाटक होतं. मला एका सरदाराचं काम होतं, आणि माझ्या वाट्याला एकच पण फार महत्त्वाचं वाक्य होतं: "महाराज, गडाचे दरवाजे बंद झाले!" माझा थोरला भाऊ अण्णा कॉलेजातून सुट्टीला आला होता, त्याला विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभं केलेलं. मी ऐटीत आत आलो, मुजरा केला आणि थांबलो. मी तो पॉज घेतला होता. अण्णाला वाटलं, मी वाक्य विसरलो. त्याने विंगेतून असा काही आवाज लावला की शेवटच्या रांगेत झोपलेली पोरंसुद्धा जागी झाली: "गडाचे दरवाजे बंद झाले रे!" मागून कोणीतरी ओरडलं, "मग कडी वाजवा की!" पुढचं नाटक कोणालाच ऐकू आलं नाही. मॅट्रिक होईपर्यंत गावात मला 'दरवाजा' म्हणत. मी बँकेत कारकून झालो. एरवी मी रंगभूमी गाजवली असती, हे मी सौ.ला लग्नाच्या पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. त्यानंतरही सांगितलं असावं. तिच्या म्हणण्याप्रमाणे वर्षाला सरासरी चार वेळा.

"ते वेगळं आहे," मी म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली आणि चहाचा कप पुढे ठेवला.

त्या रात्री मी १९६० सालची ती गोष्ट पुन्हा वाचली, आणि या खेपेला हसू आलं नाही. ल्यूथरचं दुःख केसांचं नाहीच मुळी. केस हा फक्त लोकांना दाखवायचा पुरावा. गेलं ते भलतंच. आयुष्यात एकदाच साधली होती अशी एक गोष्ट गेली, आणि ती साधली होती हे दाखवायला काही शिल्लक राहिलं नाही. त्यातून दोष द्यायचा कोणाला, तर ज्याने आगीतून ओढून काढलं त्याला! आपल्याला बुडवणाऱ्याला माणूस एक वेळ माफ करतो. वाचवणाऱ्याला माफ करणं महाकठीण. पुढे त्याच गोष्टीत लेक्स गावावर छाप पाडायला एकेक शोध लावतो. एकदा हवामान उबदार करायला जातो, एकदा झटपट वाढणारी झाडं लावतो. प्रत्येक वेळी शोध हाताबाहेर जातो आणि सुपरबॉय येऊन निस्तरतो. गाव टाळ्या वाजवतं, पण सुपरबॉयसाठी. प्रत्येक टाळीगणिक पोराचा चेहरा आणखी आखडत जातो. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाचा असाच झाला असेल. सगळं महाभारत घडतं ते पडल्यामुळे कमी आणि लोक हसल्यामुळे जास्त.

ही गोष्ट लिहिणाऱ्या सीगलची स्वतःची हकीकत त्या खंडात नव्हती. ती मी नंतर वाचली आणि गप्प बसलो. १९३८ साली त्याने आणि शूस्टरने सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले होते. कंपनीने पुढे लाखो कमावले. हे दोघे १९४७ साली कोर्टात गेले; दुसऱ्या वर्षी तडजोड झाली, नोकरी गेली आणि सुपरमॅनवरून त्यांची नावंही गेली. साठ सालच्या सुमाराला पोटासाठी सीगल पुन्हा त्याच कंपनीत, आपल्याच सुपरमॅनच्या गोष्टी लिहीत होता, आणि वर त्याचं नाव छापलं जात नव्हतं. १९७५ साली बराच बभ्रा झाल्यावर दोघांना वर्षाला वीस हजार डॉलरचं पेन्शन मिळालं आणि नावं परत छापून यायला लागली. ज्याची तक्रार शंभर टक्के खरी होती, त्या माणसाने खोट्या तक्रारीची ही गोष्ट लिहिली. त्याच्या मनात काय होतं ते त्याला ठाऊक. मला एवढंच दिसतं की तक्रार आतून कशी धुमसते, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

पुढे ल्यूथरची केस (दोन्ही अर्थांनी) हाताबाहेर कशी गेली, ते बघण्यासारखं आहे. १९६३ सालच्या एका गोष्टीत तो दूरच्या एका ग्रहावर पोचतो. तिथला सूर्य लाल, त्यामुळे सुपरमॅनची शक्ती तिथे चालत नाही. लोक पाण्यावाचून तडफडत असतात. ल्यूथर त्यांना पाणी देण्याचा शब्द देतो, आणि तो पाळता यावा म्हणून सुपरमॅनशी चाललेल्या लढाईत मुद्दाम हरतो. कारण तिथून सुटलेला सुपरमॅनच बाहेरून त्या ग्रहावर बर्फाचे डोंगर फेकू शकणार असतो. लोक त्याला देव मानतात, ग्रहाला त्याचं नाव देतात, लेक्सॉर, आणि त्याचा पुतळा उभारतात. (पाणी आल्यानंतर पुतळा! आपल्याकडे पुतळा आधी येतो.) म्हणजे या माणसाला चांगलं वागता येत होतं. त्याला फक्त अशी जागा हवी होती की जिथे सुपरमॅनशी कोणी तुलना करत नाही.

पण डूख तिथेही पाठ सोडत नाही. १९८३ साली ल्यूथर लेक्सॉरवर बायको-मुलासह राहत असतो. सुपरमॅन तिथे येतो, लढाई होते, ल्यूथरचाच एक वार चुकून भलतीकडे लागतो आणि तो सबंध ग्रह फुटतो. बायको, मुलगा, पुतळा, सगळं खलास. दोष कोणाचा? अर्थात सुपरमॅनचा. मी बँकेत तीस वर्षं व्याजाचे हिशेब केले, पण मूठभर केसांच्या मुदलावर तेवीस वर्षांत एक ग्रह व्याज झालेलं कुठल्या खात्यात पाहिलं नाही.

आणि तरीसुद्धा हा ल्यूथर मला फारसा भीतिदायक वाटला नाही. प्रयोगशाळा, चिलखत, किरण फेकणारी यंत्रं, हे सगळं आपल्या गल्लीत येत नाही. १९७८ च्या सिनेमात जीन हॅकमनने तो केला तेव्हा प्रथम जरा ओळखीचा वास आला. हा ल्यूथर वाळवंटातली जमीन स्वस्तात विकत घेतो आणि क्षेपणास्त्र टाकून अलीकडचा कॅलिफोर्नियाचा किनारा समुद्रात बुडवायला निघतो, म्हणजे याचे प्लॉट समुद्रकिनाऱ्यावर येतील आणि भाव वाढेल. आमच्या ओळखीचे काही लोक हा सिनेमा नोट्स काढत पाहत असावेत.

खरी भीती सुरू झाली १९८६ साली. जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने सुपरमॅनची कथा मुळापासून नव्याने मांडली आणि ल्यूथरची प्रयोगशाळा काढून त्याला ऑफिस दिलं. आता तो मेट्रोपोलिस शहरातला सर्वांत बडा उद्योगपती. उत्तम सूट, देणग्या, वकिलांची फौज. आगीची गोष्ट रद्द. केस आपले वयाप्रमाणे मागे हटत चाललेले, तुमच्या-माझ्यासारखे. त्याची तक्रार एकच: काल-परवापर्यंत हे सगळं शहर मान वर करून माझ्याकडे बघत होतं, आता आकाशाकडे बघतं. निळू फुल्यांचा 'सामना'मधला साखरसम्राट ज्यांनी १९७५ साली पाहिला आहे, त्यांना हा माणूस समजावून सांगावा लागणार नाही. तो ओरडत नाही. त्याला लोक नमस्कार करतात, हीच त्याची भीती.

या नव्या ल्यूथरच्या १९८७ सालच्या दोन गोष्टी मी विसरू शकत नाही. पहिलीत त्याचा संगणक सगळी माहिती पडताळून सांगतो की, क्लार्क केंट नावाचा तो साधा बातमीदार हाच सुपरमॅन. उत्तर अगदी बरोबर! आणि ल्यूथर ते उडवून लावतो. ज्याच्या अंगात एवढी ताकद आहे तो माणूस चष्मा लावून दुसऱ्याच्या हाताखाली नोकरी करील, हे त्याच्या डोक्यात शिरूच शकत नाही. शत्रू हातात सापडला होता, पण शत्रू साधा असू शकतो हे कबूल करावं लागलं असतं. ते त्याला परवडेना.

दुसरी गोष्ट त्याहून छोटी. तीत सुपरमॅनचं काही काम नाही. हमरस्त्यावरच्या एका खाणावळीत ल्यूथर तिथल्या एका विवाहित वेट्रेसला सांगतो, सगळं सोडून महिनाभर माझ्याबरोबर चल, दहा लाख डॉलर देतो. बाहेर गाडीत दहा मिनिटं वाट बघतो. ती बिचारी नवरा, संसार, पैसा यांच्यात होरपळत राहते, आणि तिचं काही ठरण्याआधीच गाडी निघून जाते. तो तिला नेणारच नव्हता. 'मी हो म्हटलं असतं का?' हा किडा जन्मभर तिच्या डोक्यात सोडायचा होता, बस्स. ज्याने एक ग्रह फोडला तो मला घाबरवू शकला नाही, याने घाबरवलं. कारण यात यंत्र नाही, रसायन नाही. एवढं दुष्ट वागायला आपल्यालाही काही सामान लागणार नाही. पुढे २००० सालच्या कथांमध्ये हा गृहस्थ निवडणूक जिंकून अमेरिकेचा अध्यक्ष होतो, तेव्हा मला नवलसुद्धा वाटलं नाही.

अलीकडच्या लेखकांना मात्र ल्यूथरची दया येते. कोणी त्याला क्रूर बाप देतो, कोणी एकाकी बालपण देतो. असेलही. पण मला त्याने तो लहान झाल्यासारखा वाटतो. बापाने बिघडवलेला माणूस ही बापाची गोष्ट झाली. सीगलच्या गोष्टीत पोराला कोणीच बिघडवलेलं नाही. एक अपघात झाला आणि त्याने त्याचा अर्थ लावला, एवढंच. त्या अर्थाला तो आयुष्यभर खतपाणी घालत बसला. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांनी २००५ ते २००८ या काळात केलेल्या 'ऑल-स्टार सुपरमॅन'मध्ये याचा निकाल लागतो. तू नसतास तर मी जगाचं भलं केलं असतं, हे ल्यूथरचं पालुपद. त्यावर सुपरमॅनचं म्हणणं थोडक्यात असं की, तुला खरंच करायचं असतं तर ते कधीच करून झालं असतं.

इथे मी पुस्तक मिटलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर सुपरमॅन नव्हता, अण्णा होता. माझ्या बी.कॉम.ची फी त्याने ओव्हरटाइम करून भरली. मुंजीपासून बायपासपर्यंत माझ्या प्रत्येक आगीवर फुंकर मारायला तो आला. आणि मी मात्र सणासुदीला त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचं, आणि आतल्या आत दरवाजे बंद ठेवायचे. अण्णा नसता तर मी नट झालो असतो! गावात दोन हौशी नाट्यमंडळं होती. बँकेची स्वतःची नाटकं व्हायची. मी एकदाही नाव दिलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो पॉज होता की मी वाक्य विसरलो होतो, हे आता माझं मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

सकाळी मी अण्णाला फोन लावला. ना सण, ना वाढदिवस, त्यामुळे तो घाबरला.

"काय रे बाळ, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. अण्णा, ते गॅदरिंगचं नाटक आठवतं का तुला?"

तो जरा थांबला. "न आठवायला काय झालं? तू गप्प उभा राहिलास आणि इकडे विंगेत माझे पाय लटपटायला लागले. वाटलं, आता पोरगं रडतंय. आवाज आवरलाच नाही मला. त्यानंतर मी कधी प्रॉम्प्टिंग केलं नाही. तुला राग आला असणार, हे माहीत होतं. पण विचारायचा धीर झाला नाही रे."

म्हणजे तिकडेही तो दिवस गेलेला नव्हता. इतकी वर्षं तयार करून ठेवलेलं वाक्य माझ्या तोंडाशी आलं, आणि मी ते साफ विसरलो. मी गप्प. पलीकडे अण्णाही गप्प. या खेपेला त्याने प्रॉम्प्टिंग केलं नाही.

ल्यूथरला वैर सोडता येत नाही, कारण दर महिन्याला अंक काढायचा असतो. माझा अंक कोणीच काढत नव्हतं. मीच लिहीत होतो आणि मीच वाचत होतो, आणि वर्षातून चार वेळा सौ.ला वाचून दाखवत होतो.

"बरं," अखेर अण्णा म्हणाला, "डोक्याला काय लावतोस हल्ली? मी आपलं साधं खोबरेल लावतो."

ऐंशीच्या घरात आलाय, पण त्याच्या डोक्यावरचा एक केस गेलेला नाही. एकाच आईबापांच्या पोटचे आम्ही! ही तक्रार मात्र मी राखून ठेवली आहे.